माझ्या चिठ्ठीवरच्या गोळ्या

वहिनीला ती गोळी पहिल्यांदा मीच दिली. दुसऱ्यांदाही मीच दिली, आणि पुढे रोज देत गेलो. हे मी पाच वर्षं कोणाला सांगितलं नाही.

सत्तरनंतरचे ते दिवस. भिवंडीत टेमघरला आम्ही तिघं राहायचो. दादा ट्रकवर असायचा, मी यंत्रमागाच्या लूमवर शिफ्ट करायचो, आणि वहिनी घरी बसून लूमसाठी कांड्या भरायची. सूत गुंडाळताना धागा तुटला की दोन बोटांत धरून न बघता गाठ मारायची. पापणी लवेपर्यंत गाठ बसलेली असायची.

अर्धशिशी मला होती, तिला नाही. डॉक्टरांनी मला गोळी लिहून दिली तेव्हा बजावलं होतं, "डोकं चढायला लागलं की लगेच घ्यायची. ही रोजची गोळी नाही. आठवड्यात लिहिल्यात तेवढ्याच. आणि घरात वाटायच्या नाहीत." मी मान हलवली. पण आमच्या लूमवाल्यांच्या घरांत डॉक्टरची चिठ्ठी रेशनकार्डासारखी असायची, नाव एकाचं आणि वापर सगळ्या घराचा.

एकदा वहिनी कपाळाला फडकं आवळून बसलेली दिसली. कांड्या तशाच पडलेल्या. मी खिशातली गोळी दिली. तासाभरात ती उठून कामाला लागली.

"भावजी, तुमची गोळी म्हंजे देवच हाय!"

मला केवढा आनंद झाला. दोन दिवसांनी डोकं पुन्हा दुखलं, मग एक दिवसाआड, मग रोज. मी रोज देत राहिलो. चिठ्ठी घड्यांवर फाटत आली तरी मेडिकलवाला न वाचताच गोळ्यांची पट्टी हातात ठेवायचा.

मग ती म्हणू लागली, बोटांना मुंग्या येतात, गार पडतात. ऐन मे महिन्यात! मी म्हटलं, वात असेल. शुक्रवारी लूम बंद असत, म्हणून शुक्रवारी एसटीने तिला वज्रेश्वरीच्या गरम कुंडावर नेलं. एसटीच्या धक्क्यांनी डोकं उठू नये म्हणून निघायच्या आधी एक गोळी दिली. तीही मीच.

कुंडात मी हात घातला आणि चटका बसून मागे घेतला. वहिनी मात्र दोन्ही हात बुडवून निवांत बसली होती.

"वहिनी, भाजत नाही का?"

"कुठं काय? लूमवानी कुंडबी शुक्रवारी बंद ठेवलंय का वो?"

शेजारच्या बायका हसल्या. मीही हसलो. तिने हात बाहेर काढले आणि माझं हसू तोंडातच राहिलं. मनगटं लालबुंद झाली होती. पण बोटांची टोकं मेणासारखी पांढरी, नखांखाली निळी. त्यावर फोड धरायला लागले होते आणि तिला पत्ताच नव्हता. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. "काय झालं वो?"

तिथून थेट डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एका मनगटाची नाडी शोधली, मग दुसऱ्याची. नीट लागेना. "गोळ्या कुठल्या चालू आहेत?" मी खिशातून पट्टी काढली. डॉक्टरांनी ती उलटून नाव वाचलं.

"ही गोळी रक्तवाहिन्या आवळते," ते म्हणाले. "म्हणून डोकं उतरतं. पण रोज घेतली की हातापायांच्याही आवळतात, बोटांत रक्तच पोचत नाही. आणि रोज घेतली की डोकंही रोज दुखतं. वर तुम्ही ही बोटं उकळत्या पाण्यात घातलीत? कोणी दिल्या हिला?"

हे दादाच्या कानावर गेलं तर त्याचा हात माझ्यावर कसा उठेल ते वहिनीला ठाऊक होतं.

"मीच घेतल्या," ती म्हणाली. "भावजींच्या खिशातनं. त्यांना ठाव न्हाय."

मी गप्प राहिलो.

त्याच दिवशी तिला ठाण्याच्या मोठ्या दवाखान्यात हलवलं. गोळी बंद झाली. चार-सहा दिवस डोक्याने तिचा जीव काढला, मग दुखणं कमी होत होत जवळजवळ गेलंच. बोटांत हळूहळू ऊब आली, एक सोडून. उजव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटाचं टोक काळं पडलं होतं. ते काढावं लागलं.

वहिनी मधल्या बोटाने गाठ मारायला शिकली. गाठ बसायची, कधी निसटायची. निसटली की दादा म्हणायचा, "खा अजून चोरून गोळ्या!" ती खाली बघून धागा पुन्हा धरायची. मी भाकरी चावत राहायचो. पाच वर्षं.

एका दुपारी आम्ही दोघं भाऊ जेवत असताना वहिनीची गाठ तीनदा निसटली. दादा हसला. "हिच्या बोटाबरोबर अक्कलबी गेली. चोरटी कुठली!"

माझ्या हातातला घास ताटात पडला.

"दादा, तिने चोरल्या नाहीत. मी दिल्या."

दादा माझ्याकडे बघतच राहिला. वहिनीने डोळ्यांनी मला थांब म्हटलं. मी थांबलो नाही. उठून तिच्यासमोर बसलो.

"वहिनी, डॉक्टरांनी वाटू नको म्हणून सांगितलं होतं, तरी मी दिल्या. तुमचं बोट माझ्यामुळे गेलं. आणि तुम्ही माझ्यासाठी चोर झालात तेव्हा मी तोंड उघडलं नाही, ते त्याहून वाईट केलं. मला माफ करा."