मानकामे सरांची फ्रान्समधली बोट

डिप्लोमा माझा बुडाला तो मानकामे सरांमुळे. माझ्यामुळे नाही. आमच्या मुलुंडच्या पॉलिटेक्निकमधली पोरं अजून भेटली की सरांचे किस्से निघतात. एक काढला की मागून चार येतात. पोरं हसतात. त्यांचं काय, ती पास झाली!

*

सर सिव्हिलचे हेड. एकदा टूरवर फ्रान्सला जाऊन आले आणि तिथल्या नदीवर बोट वर चढताना बघून आले. दोन दरवाजे, मध्ये टाकी. बोट आत घ्यायची, पाणी भरायचं, पातळी सारखी झाली की पुढचा दरवाजा उघडायचा. याला लॉक म्हणतात. गटाराची पाइपलाइन शिकवतानाही सर लॉकवरच यायचे. आणि तिथून जेवणावर. "काठावरच टेबल मांडलेलं! कोंबडी, तीन प्रकारचं चीज!"

माझ्या मागच्या बाकावरचा सावंत कुजबुजायचा, "यांना नदी दिसली कधी रे?"

*

सरांच्या फ्रान्सच्या स्लाइड शोला हॉल खच्चून भरला, कारण हजेरी होती. पहिली स्लाइड : बोट खाली. खट्! दुसरी स्लाइड : बोट वर.

"बघा, किती झटपट!" सर म्हणाले.

*

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला सरांनी मला आणि सावंतला तेच लॉक करायला लावलं. प्लायवूड, पत्रा, पुट्टी. थोडं गळायचं.

"फ्रान्समध्ये गळत नाही," सर म्हणाले.

नळाला पाणी सकाळी तासभर. आम्ही दोन ड्रम भरून ठेवले. परीक्षक येणार म्हणून सरांनी त्याच पाण्याने कॉरिडॉर धुऊन घेतला!

*

पुन्हा पाणी भरलं. बोट वर यायला अकरा मिनिटं लागली. सर भडकले. "सुस्त मॉडेल आहे तुझं! टर्मवर्कचे मार्क माझ्या हातात आहेत, विसरू नकोस."

सावंतचे वडील मालवणचे, तरुणपणी होडी चालवलेले. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "पाणी आपल्या टायमार चढतला. सरांच्या नाय."

*

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. म्हातारे, शांत. घड्याळ लावून अकरा मिनिटं उभे राहिले. बोट वर आली.

सर घाईने म्हणाले, "पोरांनी घोळ केलाय. मी प्रत्यक्ष पाहिलंय ना! दोन मिनिटांत बोट वर!"

मी म्हणालो, "सर, मधल्या वेळात तुम्ही जेवत होता."

सावंत छताकडे बघायला लागला. परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला आणि सरांना विचारलं,

"काय होतं जेवायला?"

टर्मवर्कमध्ये सरांनी मला नापास केलं. डिप्लोमा राहिला तो राहिलाच.