एकच चूक, पाच पेपर

पाचही पेपरांत उत्तर एकच होतं: दोन. खरं उत्तर तीन. रीतसुद्धा ओळीला ओळ जुळणारी. बी.एस्सी. फर्स्ट इयरची टर्मिनल परीक्षा, विषय डिफरन्शियल कॅल्क्युलस, पेपर तपासणारा मी. मी लाल पेन खाली ठेवलं आणि प्राचार्यांना लेखी रिपोर्ट दिला: कॉपीचा संशय.

त्या दिवशी मला स्वतःचा अभिमान वाटला होता, हे कबूल करतो. अमरावतीच्या आमच्या कॉलेजात कडक म्हणून माझं नाव होतं. साडेदहाचा वर्ग म्हणजे साडेदहाला खडू फळ्यावर. उशिरा येणाऱ्याने मागच्या दाराने यायचं, गुपचूप बसायचं, आणि आधी काय झालं ते विचारायचं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्राचार्यांच्या केबिनमध्ये चौकशी लागली. युनिव्हर्सिटीचे परीक्षा फॉर्म त्याच दिवशी चार वाजता जाणार होते. ज्याच्यावर कॉपी केस, त्याचा फॉर्म अडवायचा. म्हणजे वर्ष गेलं. हेडक्लार्कने ते पाच फॉर्म गठ्ठ्यातून काढून टेबलावर ठेवले होते.

सगळ्यांत आधी अर्शियाला बोलावलं. दर्यापूरची मुलगी. वडील शिलाई मशीन दुरुस्त करायचे. कॉलेजचा निरोप गेल्यामुळे तेही येऊन बाहेर बाकावर बसले होते. कॉलेजात शिकणारी त्यांच्या घरातली ही पहिलीच. हे वर्ष गेलं तर तिला दुसरं मिळणार नव्हतं, हे तिला, प्राचार्यांना आणि मलाही ठाऊक होतं.

प्रश्न काय होता ते सांगतो. वर एक्स वर्ग अधिक पाच, खाली एक्स अधिक एक. एक्स एकच्या जवळ गेला की हा अपूर्णांक कुठे जातो? यालाच लिमिट म्हणतात. इथे सरळ एक्सच्या जागी एक ठेवायचा: सहा भागिले दोन, उत्तर तीन. पण किंमत ठेवल्यावर वर शून्य आणि खालीही शून्य आलं तर गाडी अडते. तेव्हा एक नियम कामी येतो: वरच्याचा आणि खालच्याचा वेगवेगळा डेरिव्हेटिव्ह घ्या, मग किंमत ठेवा. अट एकच, दोन्हीकडे शून्य हवं. या पाचांनी अट न बघता नियम लावला होता.

"कोणाचं बघितलं?" प्राचार्यांनी विचारलं.

"कोनाचंच नाही, सर." आवाज बारीक, पण नजर माझ्याकडे.

मी चिडून एका कागदावर तसंच दुसरं गणित लिहिलं. म्हटलं, सोडव. तिने आमच्यासमोर, जराही न अडखळता, पुन्हा तीच चूक केली. इथे कॉपी करायला कोणीच नव्हतं.

"हा नियम कधी लावायचा?" मी विचारलं.

"लिमिट आली का लावायचा, सर. तुमीच तं फळ्यावर लावून राहिले होते."

तिची वही मागवली. अक्षर सुबक, तारखा बरोबर. पण माझ्या प्रत्येक लेक्चरच्या पानाचा वरचा अर्धा भाग कोरा होता. मी कारण विचारलं.

"आमी यायच्या आधी तुमचं झालेलं रायते. मागून कोनाचं उतरवू म्हून जागा सोडतो. पन परतीची जीप दोनले निंगते, सर."

प्राचार्यांनी खोदून विचारलं तेव्हा सगळं कळलं. दर्यापूरची सकाळची बस भारमान नाही, म्हणजे प्रवासी कमी, म्हणून बंद झाली होती. उरली जीप, आणि जीप भरल्याशिवाय हलत नाही. त्या वर्षांत कापूस सारखा बुडत होता, अमरावतीच्या बाजाराला येणारी माणसंच आटली होती. जीप भरेपर्यंत उशीर होई. मी पहिली पंचवीस मिनिटं थिअरी घ्यायचो, मग गणितं. गणितं मुद्दाम तीच निवडायचो ज्यांत नियम लागतो. ही मुलं गणितांना पोचायची. अट त्या पहिल्या पंचवीस मिनिटांत सांगून झालेली असायची.

बाकी चौघांच्या वह्या मागवल्या. तशाच. पाचही जण त्याच जीपचे. साडेतीन वाजून गेले होते.

"साहेब, रिपोर्ट मागे घेतो," मी म्हणालो.

"लेखी दिलाय, लेखीच मागे घ्या. कारणासकट."

माझ्या प्रमोशनची फाईल त्याच टेबलावर त्यांच्या सहीसाठी पडून होती. मी लिहिलं: गैरसमजातून रिपोर्ट दिला गेला. प्राचार्यांनी कागद परत सरकवला. म्हणाले, एवढ्यावर मी फॉर्म सोडू शकत नाही. हेडक्लार्क दारात येऊन उभे राहिले, घड्याळाकडे बघत. शेवटी दुसरा कागद घेतला: "नियमाची अट मी या विद्यार्थ्यांपर्यंत पोचवली नाही. ते उशिरा का येतात हे कधी विचारलं नाही. चूक माझ्या शिकवण्यातली आहे." खाली सही केली. चारला पाच कमी असताना पाचही फॉर्म गठ्ठ्यात गेले.

बाहेर येऊन मी अर्शियाच्या वडिलांची माफी मागितली. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सर, माफी राहू द्या. थो कागद द्या मले."

"तो ऑफिसचा आहे. तुम्हाला कशाला?"

"पोरीनं चोरी केली, हे सकाळीच मोहल्ल्यात पोचलं. मी तोंडानं किती जनाले सांगू? तुमची सही असन तं मानतीन."

माझं नाव, हुद्दा, सही आणि चूक, सगळं दर्यापुरात चारचौघांत वाचलं जाणार होतं. मग आत गेलो, झेरॉक्स काढली आणि त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती घडी घालून आतल्या खिशात ठेवली.

त्या प्रश्नाचे मार्क पाचही जणांना मी शून्यच दिले. उत्तर चूकच होतं. पुढच्या टर्मपासून थिअरी तासाच्या शेवटी नेली आणि कडकपणा तसाच ठेवला. पण पेपरांत एकच चूक वारंवार दिसली, की कोण कोणाच्या शेजारी बसलं होतं हे आधी बघत नाही. मी काय शिकवलं होतं, ते आधी बघतो.