घरबसल्या डॉलर, व्हाया राजारामपुरी

कॅफे बंद करून बरीच वर्षं झाली, तरी माणसं भेटली की एकेक काढतातच. लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या बाकावर, कुठंही. "अक्का, ती गंमत सांगा की." गंमत म्हणे! घडत होतं तेव्हा कुणी हसत नव्हतं. त्यातनं वाचलेला माणूस किस्से सांगत सुटतो, आणि जो वाचला नाही तो गप्प बसतो. म्हणून माझ्याकडं साठलेत ते सगळे वाचलेल्यांचेच.

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराला कोल्हापूरच्या राजारामपुरीत एका जिन्याखाली माझा सायबर कॅफे होता. सहा कॉम्प्युटर, त्यातले पाच चालू. माहेर निपाणीकडचं, घरात अर्धं कानडी, म्हणून सगळ्या गिऱ्हाइकांची मी अक्का. तिघं कायमचे. देसाई सर, हायस्कूलात इंग्रजी शिकवून रिटायर झालेले. नजीर, फ्लेक्सचे बोर्ड डिझाइन करणारा. आणि सर्जेराव, म्हणजे आमचा सर्जा. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत मशीनवर होता, परमनंट. त्या परमनंटवरच त्याचं लग्न जमलेलं.

'अॅफिलिएट मार्केटिंग' हा शब्द नजीरनं आणला. आपली वेबसाइट काढायची, तिच्यावर दुसऱ्याच्या मालाची लिंक लावायची. आपल्या लिंकवरनं जाऊन कुणी माल घेतला की कंपनी आपल्याला कमिशन देणार.

"म्हणजे गुरांच्या बाजारातला दलाल," सर म्हणाले. "म्हैस एकाची, गिऱ्हाईक दुसरं, मधे आपण. पण दलालानं दलाली करायला आधी पदरचे पैसे भरलेत, असं काही मी बघितलेलं नाही."

हे वाक्य मी कागदावर लिहून काउंटरवर चिकटवलं. सगळे त्याच्यावरच कोपर टेकून उभे राहायचे.

*

पहिला सापडला नजीर. परदेशातल्या कुठल्या तरी कंपनीनं त्याला 'तयार वेबसाइट' विकली. नुसतं नाव टाकायचं, माल-बिल सगळं आत भरलेलं, "जगात अशी एकच". मेव्हण्याच्या क्रेडिट कार्डावर तीन हजार भरून बसला.

एक दिवस इचलकरंजीचा एक पावणा शेजारच्या कॉम्प्युटरवर बसला. नजीरनं सहज मान वळवली आणि ताडकन उठला. पावण्याच्या स्क्रीनवर नजीरची वेबसाइट! तोच रंग, तेच घड्याळ, तोच हसणारा गोरा बाबा. नाव तेवढं पावण्याचं.

"माझी साइट चोरलीस व्हय रं?"

"तुझी? मी पैसं भरल्यात!"

कॉलरी धरल्या. माझा एक कीबोर्ड खाली पडला. मी दोघांच्या मधे शिरले आणि म्हटलं, "अरे, दोघांनी एकाच माणसाला पैसे दिलेत. एकमेकाला काय मारताय?"

दोघं खाली बसले. नजीरनं कीबोर्ड उचलून जागेवर ठेवला. मग इचलकरंजीकर म्हणाला, "तिसरा कोण भेटला तर मलाबी बोलवा. चहा माझ्याकडनं."

*

सर इतके सावध, पण ते सापडले स्वतःच्या चांगुलपणात. त्यांची साइट इंग्रजी व्याकरणाची, तिच्यावर डिक्शनरीच्या लिंक. एका कंपनीनं कमिशनचा चेक पाठवला. यायला हवे होते ऐंशी डॉलर, चेक आठशेचा. मागोमाग मेल : चुकून जास्त गेले, वरचे पैसे आजच्या आज मनी ट्रान्सफरनं परत करा, नाहीतर आमच्या क्लार्कची नोकरी जाईल.

सरांचा चेहराच उतरला. "दुसऱ्याचा पैसा आहे अक्का, आणि एका गरिबाची नोकरी. चेक बँकेत भरलाय, तोवर मी माझ्या पेन्शनीतनं पाठवून देतो." आणि निघालेसुद्धा.

मी कॅफे नजीरवर टाकून मागं धावले. गाठलं तेव्हा सर बँकेच्या काउंटरवर उभे, अर्धा फॉर्म भरलेला.

"सर, तो चेक वटला का?"

"वटेल की. छापील आहे."

"वटू दे, मग पाठवा."

"तोवर त्या क्लार्कनं काय करायचं?"

शहाण्या माणसाला समजावणं फार अवघड असतं हो! मला दुसरं काही सुचेना. मी हात पुढं केला आणि सरांच्या नाकावरचा चष्मा काढून पिशवीत टाकला. चष्म्याशिवाय सरांना सहीची रेघ दिसत नाही. सगळी लाइन आमच्याकडं बघत होती. संध्याकाळी काउंटर बंद झाल्यावरच मी चष्मा घरी नेऊन दिला. त्यांनी दार उघडलं, चष्मा घेतला, 'या' म्हणाले नाहीत.

पुढं कितीतरी दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मग एका सकाळी आले आणि परत आलेला चेक काउंटरवर ठेवला. खोटा होता. मला म्हणाले, "अक्का, प्रामाणिकपणाची एवढी घाई करू नये." आणि नेहमीच्या खुर्चीवर जाऊन बसले.

*

हे झालं ते हसण्यावारी गेलं. सर्जाचं तसं नव्हतं. त्याला नोकरीच सोडायची होती. आठ-आठ तास मशीनपुढं उभा राहून त्याची कंबर गेलेली, आणि घरात बायको सुनीता नि दोन लहान पोरी. त्याचा मला रागही यायचा आणि वाईटही वाटायचं.

त्याला कुणीतरी शाहूपुरीतल्या हॉलमधल्या सेमिनारला बोलावलं. मी आणि सर त्याच्याबरोबर गेलो. टाय लावलेला एक इसम, पुण्याच्या भाषेत बोलणारा. 'गोल्ड अॅफिलिएट' व्हायचं, पंचवीस हजार भरायचे, आपल्याखाली तिघं आणायचे. आणि नोकरी सोडायची, "कारण दोन होड्यांत पाय ठेवणाऱ्याला आम्ही घेत नाही."

मी हात वर केला. "माल कुठला विकायचा?"

"ताई, आपण माल विकत नाही. संधी विकतो." टाळ्या.

"मग कमिशन कुणाच्या खिशातनं येतंय? गिऱ्हाइकाच्या का ह्याच लोकांच्या?"

तो हसला. "अशा निगेटिव्ह विचारांमुळंच आपला माणूस मागं राहतो." आणखी टाळ्या. सर्जा माझ्याकडं न बघता म्हणाला, "अक्का, बसा की खाली." ते मला फार लागलं.

*

राजीनामा इंग्रजीत पाहिजे म्हणून सर्जा सरांकडं आला. सर नाही म्हणाले असते तर तो दुसऱ्याकडून लिहून घेतला असता. म्हणून सरांनी वेळ काढायला सुरुवात केली.

पहिल्या दिवशी कॉमा चुकला. दुसऱ्या दिवशी 'रिस्पेक्टेड' का 'डिअर' यावर विचार करायला वेळ मागितला. तिसऱ्या दिवशी प्रिंटरची शाई संपली, म्हणजे मी काढून ड्रॉवरमध्ये ठेवली. चौथ्या दिवशी सर्जा नजीरकडनं अर्ज छापून आला, सही केली आणि खिशात घातला. "सोमवारी देणार. रविवारी सेमिनारचं साहेब घरी जेवाय येणार हायत. सुनीच्या पाटल्या त्यांच्या हातात ठेवायच्या, ते मोडून पैसं भरून घेतील. तुमी पण या. मानसाची पारख ताटावर हुती."

सर माझ्याकडं बघत राहिले. मी ड्रॉवरमधली शाई काढून प्रिंटरमध्ये बसवली.

*

रविवारी दुपारी कसबा बावड्यात सर्जाच्या घरी गेलो. सुनीतावहिनी चुलीपाशी, हातात माहेरच्या दोन पाटल्या. मटणाचा वास रस्त्यापर्यंत आलेला. माझ्यासाठी वेगळा अख्खा मसूर केलेला.

टायवाला आला, पण टाय नव्हता, आणि हॉलातला पुणेकर इथं 'हाय-न्हाय' करायला लागला.

"वैनींचं म्हायेर कुठलं?"

"पन्हाळ्याच्या वाटंला, अर्ध्या तासावर हाय," सर्जा म्हणाला. "सखूमावशी हाय न्हवं, शाळंजवळ ऱ्हाती, तिच्या शेजारी."

"आरं तिच्या! सखूमावशी म्हणजे माझी सख्खी मावशी की! आईची धाकटी भण!"

सर्जाला भरून आलं. उठून त्याच्या पाया पडला. "म्हणजे तुमी पावणं हाय आमचं!"

मी ऐकत होते. नाव सर्जानं सांगितलं, गाव सर्जानं सांगितलं, शाळा सर्जानं सांगितली. त्यानं नुसती मावशी जोडली. पण आमच्याकडं एकदा नातं निघालं की संपलं. पावण्याला पुरावा मागायचा म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकल्यासारखं. सरांनी तोंड उघडलं आणि मिटलं.  

त्यानं पिशवीतनं फॉर्म काढला. सर्जानं हाक दिली, "सुने, पाटल्या आण."

वहिनी दारात आल्या. "निघंनात. हात सुजल्यात चुलीपाशी. साबण लावाय लागंल. तवर जेवा की." आणि मागच्या दारानं बाहेर जाऊन आल्या. त्यांचा भाऊ पलीकडच्याच घरात राहायचा. मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला.

मग त्यांनी वाढायला घेतलं. तांबडा रस्सा झाला, पांढरा झाला. "पावणं, आमच्या गावचं तुमी. अर्ध्या पोटानं उठू देणार न्हाई." भाकरी. परत रस्सा. त्यानं ताटावर हात आडवा धरला, त्यांनी हाताच्या बाजूनं वाढलं. त्यानं घड्याळ बघितलं. "वैनी, मला कागलला जायाचं हाय."

"जावा की. मटण तेवढं संपवा."

सर्जा चिडला. "सुने, पाटल्या!"

"साबण लावलाय," वहिनी म्हणाल्या आणि आणखी एक वाटी ठेवली.  तासभर तो माणूस घाम पुसत जेवत होता. सर्जाच्या खिशातनं अर्जाचा कोपरा वर आला होता.

मोटारसायकल परत आली. भावाच्या मागनं एक म्हातारी उतरली, नऊवारीचा पदर खोचून सरळ आत आली. आधी सरांकडं बघितलं.

"ह्यो का?"

"न्हाई मावशी, ह्ये सर. त्यो जेवतोय त्यो," वहिनी म्हणाल्या.

म्हातारी त्याच्यापुढं उकिडवी बसली. त्याचा हात रश्श्यातच राहिला. तिनं त्याला वरपासनं खालपतुर न्याहाळलं.

"मला भणच न्हाई," ती म्हणाली. "पाच भावातली एकली मी. म्हटलं, भाचा कुठनं आला त्येवढं बघून येऊ."

 वहिनींनी टोपल्यातली एक भाकरी उचलली आणि त्याच्या ताटात वाढली.

"जेवा की, पावणं. लाजू नका."