दाजींनी सोडलेला सुळका

जमिनीवर पाय ठेवून जगणे आमच्या दाजींना कधी जमलेच नाही. दाजी म्हणजे माझ्या आक्काचे यजमान. पौडला त्यांचे किराणा दुकान होते, पण गिऱ्हाईक आले की आधी वर बघायचे: दाजी कौलांवर आहेत, चिंचेवर आहेत की देवळाच्या शिखरावर. स्वतःच्या लग्नात मुहूर्त टळायची वेळ आली तरी नवरदेव सापडेना. आमचे वडील मांडवभर शोधत फिरू लागले. शेवटी मुंडावळ्या सावरत दाजी आंब्यावरून उतरले आणि म्हणाले, ‘‘मामा, घाबरू नका. भटजी कुटवर आल्यात बगत व्हतो.’’

तैलबैलाच्या उभ्या कातळावर दुकानातले चऱ्हाट घेऊन ते एकटेच चढत. तिथेच पुण्याच्या काही गिर्यारोहकांशी त्यांची गट्टी जमली. चीनच्या लढाईआधीची गोष्ट. एका सकाळी ‘‘पुण्याला जाऊन येतो’’ म्हणून दाजी निघाले, ते महिना उलटला तरी पत्ता नाही. आक्का रडून रडून अर्धी झाली, म्हणून वडिलांनी मला तिच्या सोबतीला पौडला धाडले. मग एक दिवस काळवंडलेल्या, सोललेल्या तोंडाचा माणूस दारात उभा राहिला. दाजीच होते!

‘‘आवं, पुन्यात एवढे दिस?’’ आक्का किंचाळली.

‘‘पुन्यातनं फुडं गेलो. हिमालयात.’’

तेवढ्यात त्यांनी डावा हात पुढे केला. दोन बोटे नव्हती!

नेपाळच्या हद्दीवर एक काळाकभिन्न सुळका होता. माथा हाताशी आला असताना दोरावर पुढे असलेला पुण्याचा गडी पलीकडच्या अंगाला घसरला. दोराचा वेढा दाजींच्या बोटांवर आवळला, पण त्यांनी तो सोडला नाही. इतरांनी येऊन गड्याला वर ओढेपर्यंत बोटे कामातून गेली होती.

‘‘आन् माथा?’’ मी विचारले.

‘‘ऱ्हायला. गड्याला खाली न्यायचं व्हतं.’’

‘‘सोडून आलात? तुमी?’’ बोटांपेक्षा आक्काला याचाच धक्का जास्त बसला.

दाजी खाली बघत म्हणाले, ‘‘त्यो बी कुनाचा तरी दाजी असंल की.’’

वडीलधाऱ्यांसमोर नवऱ्याकडे मान वर करून न बघणाऱ्या माझ्या बहिणीने त्या दुपारी, सासू-सासऱ्यांच्या देखत, भात कालवला आणि एकेक घास त्यांना भरवला. दाजी मुकाट्याने जेवत राहिले, आणि तिने पदराने त्यांचे तोंड पुसले तरी जागचे हलले नाहीत.