ठमाबाई आणि तारेच्या बरण्या

कळव्याच्या ठमाबाईनं उभ्या जन्मात कुणाला तार केली नव्हती. पण तारेची बरणी घरात आली आणि बाईला चैन पडेना.

सन अठराशे पंच्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. तिचा नवरा मारुती ठाणे स्टेशनच्या तारऑफिसात खलाशी, म्हणजे वरकामाचा गडी, होता. तिथून कल्याणला तार जायची ती सहा काचेच्या बरण्यांच्या जोरावर. तळाशी तांब्याची पट्टी, तिच्यावर निळ्या मोरचुदाचे खडे, वर पाण्यात टांगलेलं जस्त. एवढ्यातून वीज निघायची. बरण्यांची निगा राखणारा माणूस काम सोडून गेला आणि बरण्या एकेक करून मरू लागल्या. तारमास्तर त्र्यंबकरावांनी त्यातली एक मारुतीच्या हाती ठेवली. "घरी ने आणि दुरुस्त करायला शीक. सोमवारपर्यंत जमलं नाही, तर कसाऱ्याच्या घाटात रुळांच्या कामावर जावं लागेल."

कसारा म्हणजे वर्षातून दोनदा घर.

मारुती कामाला वाघ, पण धीराच्या नावानं शंख. बरणीतलं वरचं निवळ पाणी तो फेकायला निघाला, ते ठमाबाईनं हंडीत काढून ठेवलं. मग त्यानं जस्त घासलं, मोरचूद टाकला, पाणी ओतलं आणि गूळ विरघळवावा तसं काठीनं घुसळलं. बरणी निळीशार झाली. वीज निघते का ते दाखवणारी, मास्तरांनी दिलेली सुई तारांना जोडली, तर ती जराशी थरथरली आणि बसली. जस्तावर काळं कीट चढलं. तीन दिवस हेच. "यातलं तुला काय कळतंय?" म्हणून तो बायकोवर खेकसला, कारण ती गप्प बसेना.

बसणार कशी? ती मिठागरात वाढलेली. अवकाळी पाऊस पडला की गोडं पाणी वाफ्यात वर राहतं आणि जड खारं पाणी तळाशी, हे तिनं पोरवयापासून पाहिलेलं.

"आवो, घुसळता कशाला? निळं पानी जड हाय. त्याला तळाशी बसू द्या, वरतून हलक्या हातानं ओता."

मारुती हसला. तिनं सरळ बरणी ओढून घेतली. जस्त खरवडलं, तळाशी मोरचूद आणि थोडं पाणी घातलं, त्यावर वडाचं पान तरंगत सोडलं आणि हंडीतलं निवळ पाणी करवंटीनं पानावर बारीक धारेनं ओतलं. मग पान काढून जस्त टांगलं. खाली निळं, वर निवळ, मधे दोरी आखल्यासारखी रेघ. सुई जोडली मात्र, ती ताडकन फिरली. दोघं लहान पोरांसारखी नाचली, शेजारीण काय झालं म्हणून बघायला आली.

पण भरलेली बरणी खाडीपार ठाण्याला होडीतून न्यायची म्हणजे मुसळ केरात. एका हेलकाव्यात सगळं पाणी एक झालं असतं. म्हणून सोमवारी सकाळी मारुतीबरोबर ठमाबाईच ठाण्याला गेली. मास्तर यायच्या आत तिनं सहाही बरण्या तिथंच भरल्या आणि दाराबाहेर जाऊन उभी राहिली.

त्र्यंबकराव आले. त्यांनी तार ठोकली. कल्याणहून लगेच कटकट उत्तर आलं.

"स्वच्छ येतंय म्हणतात," ते खुशीत म्हणाले. "शाब्बास, मारुती. शिकलास की."

ठमाबाईनं बाहेरून डोळे वटारले. आता तोंड उघडू नका, एवढाच त्याचा अर्थ. मारुतीनं तिच्याकडे पाहिलं, बरण्यांकडे पाहिलं.

"मी नाय भरल्या, साहेब. हिनं भरल्या. मना अजून येत नाय."

ठमाबाईनं कपाळाला हात लावला. गेला हा कसाऱ्याला.

त्र्यंबकरावांनी तिला आत बोलावलं आणि पुन्हा एक बरणी भरून दाखवायला लावली. धार पानावर पडताना ते वाकून बघत राहिले.

"रेल्वे कंपनी बाईमाणसाला कामावर घेत नाही," ते शेवटी म्हणाले. "नाहीतर तुझ्याऐवजी हिलाच ठेवलं असतं, मारुती. आता राहा इथंच. आणि रोज संध्याकाळी घरी जाऊन हिच्यापुढे शिकायला बसत जा."