कॅनडाचे दौंडमधले कैवारी

कॅनडा या देशाचा सगळ्यात कडवा कैवारी कॅनडात राहत नव्हता. तो दौंडला, रेल्वे स्टेशनच्या मागच्या बाजूला राहत होता, आणि माझं नशीब असं, की तो माझा थोरला साडू होता. आम्ही त्यांना दाजी म्हणायचो. जन्मभर मालगाडीवर गार्ड म्हणून नोकरी केली, रिटायर झाले आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीला लेकीच्या बाळंतपणासाठी बायकोबरोबर टोरांटोला गेले. काम होतं ताईचं, म्हणजे माझ्या मेव्हणीचं. डिंकाचे लाडू वळायचे, नातवाला तेल लावून न्हाऊ घालायचं. दाजींना तिकडे काडीचं काम नव्हतं. सहा महिने ते जावयाबरोबर दुकानं हिंडले आणि येताना सगळ्या नातेवाइकांसाठी एकच वस्तू घेऊन आले, ती म्हणजे संताप. कॅनडाला कुणी अमेरिका म्हटलं, की यांच्या कपाळावरची शीर उभी राहायची. आणि आमच्या भागात कॅनडाला अमेरिकाच म्हणायचे. इथून विमानात बसून जो कुणी गेला, तो अमेरिकेलाच गेला, मग तो दुबईत उतरलेला का असेना.

"दूध!" असं म्हणून त्यांची सुरुवात व्हायची. "लेकीकडं दूध पिशवीत मिळतं. आपल्यासारखं! आन् अमेरिकेत? कॅनमधी. ह्या एवढ्याल्या कॅनमधी, रॉकेल आणल्यावानी! रॉकेल पिणाऱ्या माणसांत आन् आमच्यात काय फरक हाय ते मला विचारता?" यातल्या 'आमच्यात' या शब्दाकडे मी एकदा त्यांचं लक्ष वेधलं, तर माझ्यावरच घसरले. थंड पेयाला कॅनडावाले 'पॉप' म्हणतात आणि अमेरिकेत बरेच जण 'सोडा' म्हणतात, हे तर त्यांच्या जिव्हारी लागलं होतं. सोडा म्हणजे सोडा, त्याला रंग नसतो, हा त्यांचा मुद्दा. संडासाला कॅनडात 'वॉशरूम' म्हणतात, अमेरिकेत 'रेस्टरूम'. हे सांगताना त्यांचा आवाज पार फाटायचा. "रेस्टरूम काय असती ते मला शिकवणार? सोलापूरला गाडी सोडली की रेस्टरूममधी झोपायचो मी! तिथं जाऊन झोपून दाखवा म्हणावं!" तळलेल्या बटाट्यांवर तिकडे व्हिनेगर शिंपडतात, झालंच तर रस्सा आणि चीजचे गोळे घालून खातात. रस्सा मांसाचा म्हणून माळकरी दाजींनी तो कधी तोंडातही घातला नव्हता, पण त्याला नाक मुरडणाऱ्याशी ते हातघाईवर यायचे.

बरं, हे सगळं घरात राहिलं असतं तर मी एक वेळ सोसलं असतं. पण वीजबिलाला टोरांटोकडे 'हायड्रो' म्हणतात म्हणून हा माणूस दौंडच्या वीज ऑफिसात जाऊन "हायड्रोचं काय झालं?" असं खडसावून विचारायचा. स्टेशनबाहेरच्या टपरीवर "एक डबल-डबल" अशी ऑर्डर द्यायचा. दोन साखरा आणि दोन सायीची कॉफी असा त्याचा तिकडचा अर्थ. टपरीवाल्याने पहिल्या दिवशी चार चहा पुढे ठेवले. दाजींनी त्याला फैलावर घेतलं आणि मग सांडायला नको म्हणून चारही चहा रागारागाने पिऊन टाकले.

माझ्या थोरल्या लेकीच्या साखरपुड्यात मात्र त्यांनी कहर केला. मी शिरूरचा. मांडव माझा, आचारी माझे, लग्न अजून व्हायचंय. होणारे व्याही बिचारे काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "तुम्ही अमेरिकेला राहून आलात म्हणे. तिकडचं आपल्याला मानवत नसेल." दाजींनी जिलबीचं ताट पुढे ढकललं आणि उठले. व्याह्यांना त्यांनी सेल्सिअस आणि फॅरनहाइट यातला फरक समजावला, किलोमीटर आणि मैल समजावला, आणि शेवटी, "तुम्हाला एवढंबी ठावं न्हाई, तर पोरीला काय सुखात ठेवणार?" असं विचारलं. मला इतका राग आला होता, की हाताला लागेल ते पातेलं त्यांच्या डोक्यात घालावं. लग्न पार पडलं ते व्याह्यांच्या मोठेपणामुळे. मी दाजींशी पुढची दोन वर्षं बोललो नाही. त्यांना ते कळलंच नाही, कारण बोलायचं काम तेच करायचे.

मग त्यांच्या गावाने, वरवंडने, त्यांचा सत्कार ठरवला. आपल्या मातीतला माणूस परदेश पाहून आला, म्हणून देवळासमोर स्टेज, शाल, श्रीफळ, फेटा. मागे कापडी बॅनर आणि त्यावर पेंटरने मोठ्या हौसेने रंगवलं होतं, 'अमेरिकेहून सुखरूप परतल्याबद्दल जाहीर सत्कार'. शेजारी अमेरिकेचा झेंडा, चांदण्या मोजून. दाजी स्टेजवर चढले, वळून बॅनर पाहिला आणि माइक सरपंचांच्या हातातून हिसकावून घेतला. "तुम्हाला कुणी शिरूरचं म्हणलं तर चालंल का?" गाव गरजलं, "न्हाई!" माझ्याकडे दोघा-चौघांनी रागाने पाहिलंसुद्धा. "मग ह्ये कसं चालतं? मी कॅनडाला गेलतो! अमेरिकेत मी पाय ठेवला न्हाई आन् ह्या देवळासमोर सांगतो, मरंस्तवर ठेवणार न्हाई!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्याकडे माइकवर जोरात बोललेल्या वाक्याला टाळ्या पडतातच. मग सरपंचांनी त्यांना फेटा बांधला आणि म्हणाले, "अमेरिकेला जाऊनबी ह्यांनी मराठी बोलणं सोडलं न्हाई, ह्ये विशेष."

पुढे चार-पाच वर्षांनी जावयाची बदली झाली. अमेरिकेत. आणि त्याच सुमाराला लेकीला पुन्हा दिवस गेले. दाजींनी जावयाला फोनवर जे काही सुनावलं, ते स्टेशनवरच्या एसटीडी बूथच्या काचेबाहेर उभ्या असलेल्या रांगेने ऐकलं. "कॅनडातल्या नोकऱ्या संपल्या का?" ताईने मात्र शांतपणे डिंक निवडायला घेतला. म्हणाली, "तुमची शपथ तुमच्यापाशी. माझ्या लेकीला माझी गरज हाय. मी चालले."

त्यानंतर एका दुपारी दाजी चौफुल्याला एसटी बदलून एकटेच शिरूरला माझ्या दारात आले. पाणीसुद्धा मागितलं नाही. खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाले, "पाव्हणं, देवळासमोर बोललेलं मोडता येतं का?" मी जुना राग काढला. म्हटलं, "मला कशाला विचारता? ज्यांच्यासमोर बोललात त्यांना विचारा." ते म्हणाले, "नातवाला मी पहिल्या दिसाला हातात घेतलाय. ह्या बाळाला न्हाई घेतलं तर ते मोठं होऊन काय म्हणंल?" मी सदरा चढवला आणि त्यांच्याबरोबर वरवंडला गेलो.

देवापुढे नारळ फोडून ते पारावर आले. म्हातारी मंडळी बसली होती. दाजींनी हात जोडले. "मी तुमच्यासमोर शब्द दिलता. तो मोडतोय. मी अमेरिकेला जाणार हाय." म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यातले एक आबा म्हणाले, "पर तुम्ही तर मागंच जाऊन आलायसा की. सत्काराला मी व्हतो." दुसरे म्हणाले, "एकदा गेलेल्या गावाला परत जायाला कसली आलीय शपथ?" मी दोन पावलं मागे सरलो. आता आभाळ कोसळणार होतं. दाजींनी मोठा श्वास घेतला आणि म्हणाले, "व्हय. तसंच म्हणा." आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कॅनडाचा अपमान गिळलेला मी पाहिला.

व्हिसाच्या मुलाखतीला दोघं मुंबईला गेली. ताई सांगते, की गाडीत पूर्ण वाटभर ते 'सोडा, रेस्टरूम, सोडा, रेस्टरूम' असं पुटपुटत होते. चुकून तोंडून 'वॉशरूम' निघालं तर काम बिघडेल, अशी त्यांना धास्ती. खिडकीपलीकडच्या साहेबाने त्यातलं काहीच विचारलं नाही. दोन-चार प्रश्न विचारले, ताईला हो म्हटलं आणि दाजींना नाही. कारण कळलं नाही. दाजी चिडलेही नाहीत. साहेबाला "थँक्यू" म्हणाले आणि बाहेर येऊन बायकोची पिशवी हातात घेतली.

ताई गेल्यावर महिन्याभराने मी दौंडला गेलो. घर झाडलेलं, कपडे घडी घातलेले. नात झाल्याचं कळलं होतंच. "फोनवर आवाज ऐकिवला पोरीचा," एवढंच म्हणाले. ती शांतता मला सोसेना. मी मुद्दाम काडी टाकली. म्हटलं, "काय हो दाजी, शेवटी कॅनडा काय अन् अमेरिका काय, सगळं एकच म्हणायचं!"

ते म्हणाले, "असंल. पोर रडली तवा काय बी येगळं वाटलं न्हाई. हितल्यासारखीच रडती."

मला या माणसाचा आयुष्यभर राग आला, पण त्या दिवशी आला तेवढा कधीच नाही. उठा की, ओरडा की माझ्यावर, असं म्हणावंसं वाटत होतं. दाजी चहा टाकायला आत गेले होते, आणि साखर किती, हे त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं.