मुकादम बदललेला फोन

भाऊ गेला त्या दिवशीच त्याचे कपडे, चपला, औषधांची पिशवी सगळं घरी आलं. फोन आला नाही. तो तीन-चार दिवसांनी आला, त्याच्या दोस्ताच्या शर्टाच्या खिशातून. दोस्ताने तो आईच्या हातात ठेवला आणि खाली मान घालून सांगितलं, की नांदेडच्या दवाखान्यात भावाला आतल्या वॉर्डात नेलं तेव्हा त्याने तो आपल्यापाशी दिला होता. आई रडायला लागली. मी दारात उभी होते, आणि माझ्या मनात एवढंच आलं, की इतके दिवस याने तो कशाला ठेवून घेतला असेल.

मी हिंगोलीत एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. आमचं गाव औंढ्याच्या पुढे, सिद्धेश्वरच्या कालव्यालगत. भाऊ माझ्याहून बराच लहान. हळदीच्या हंगामात तो आणि हा दोस्त मिळून हळद शिजवायचा कुकर गावोगाव न्यायचे. ट्रॅक्टरमागे ओढायची लोखंडी टाकी, खाली जाळ, बाजूला वाफ सोडायचे ड्रम. दोस्त कालव्यापलीकडच्या तांड्यावरचा. आयटीआयला दोघे एका बाकावर बसत. आमच्या घरी तो कितीदा जेवला असेल, पण माझ्याशी त्याचं बोलणं पाणी मागण्यापलीकडे कधी गेलं नव्हतं.

फोनचं वेड दोघांनाही होतं. कंपनीने दिला तसा फोन वापरणं भावाला कमीपणाचं वाटे. त्याने तो रूट केला होता, म्हणजे कंपनीने मालकालाही बंद ठेवलेल्या खोल्या उघडल्या होत्या. मग आतला कर्नेल काढून, कुठल्याशा परदेशातल्या माणसाने हौसेने तयार केलेला दुसरा कर्नेल घातला होता आणि फोनचा वेग कंपनीने आखलेल्या रेषेच्या वर नेला होता. कर्नेल म्हणजे काय, ते त्याने मला ओसरीवर बसून समजावलं होतं.

"फोनात एक मुकादम असतो, ताई. कोणत्या गड्याला किती पळवायचं ते त्यो ठरवतो. कंपनीचा मुकादम लई भित्रा. गड्याला जरा घाम आला की बसवतोच त्याला. मी मुकादमच बदलला."

"आणि गडी पडला तर?"

"पडत न्हाई. तापतो."

त्याच दिवशी त्याने सांगितलं, की या फोनात प्रत्येक कॉल आपोआप रेकॉर्ड होतो, दोन्हीकडचं बोलणं, आणि समोरच्याला पत्ता लागत नाही. मी चिडले. ही चोरी आहे म्हणाले. तो हसला आणि म्हणाला, तुझी सगळी भांडणं जपून ठेवलीत मी.

तो गेल्यावर मला हे आठवलं आणि मी ते आईला सांगून बसले. म्हणजे त्याचं आणि तिचं सगळं बोलणं या फोनात होतं. तो कुकर घेऊन बाहेरगावी असला की रोज तिला फोन करायचा. आईने त्यानंतर दुसरं काही मागितलंच नाही. तिला त्याचा आवाज ऐकायचा होता. पण फोनला पॅटर्न होता आणि तो आम्हाला ठाऊक नव्हता. हिंगोलीतल्या एका दुकानदाराला मी विचारलं. तो म्हणाला, पॅटर्न नसेल तर फोन उघडून देतो, पण आतलं सगळं पुसलं जाईल.

आमच्याकडे माणूस गेलं की त्याला ठेवलं होतं त्या जागेवर दिवा लावतात आणि तो तेराव्यापर्यंत विझू देत नाहीत. आईने फोन त्या दिव्याशेजारी ठेवला. पाटाच्या एका बाजूला दिवा, दुसऱ्या बाजूला फोन, चार्जरला लावलेला. दिवा जसा विझू द्यायचा नाही तसा फोनही बंद पडू द्यायचा नाही, असं तिने ठरवूनच टाकलं. तेल घालायला उठली की चार्जरची पिन नीट बसली आहे का तेही ती बघे. कुणी काढायला गेलं तर हात धरी.

फोन सारखा वाजायचा. हंगाम ऐन भरात होता. शेतकरी विचारत, कुकर कधी येतो, हळद काढून पडली आहे. आई प्रत्येकाला सांगे, लेकरू गेलं माझं.

फोन तापायचा. कुणी हात लावलेला नसताना, नुसता पाटावर पडून तापायचा. आई मधूनमधून तो उचलून दोन्ही तळव्यांत धरायची. एकदा मी तिला म्हणाले, खाली ठेव, भाजेल. ती म्हणाली, "अंगासारखा लागतो."

आणि तो आपोआप उजळायचा. कॉल नाही, मेसेज नाही, भर दुपारी बायका बसलेल्या असताना पडदा एकदम लख्ख व्हायचा आणि विझायचा. दिव्याजवळ पीठ पसरून त्यावर टोपली झाकली होती. त्यात गेलेल्या जिवाचं कसलं पाऊल उमटतं ते बायका सकाळी वाकून बघत. आता त्या फोनकडेही तशाच वाकून बघायला लागल्या. आई म्हणे, तो येऊन राहिला. मला ते पटण्यासारखं नव्हतं. पण मला जे पटलं तेही बरं नव्हतं. मला वाटलं, दोस्ताने फोनात काहीतरी घालून दिलं आहे आणि तो तांड्यावर बसून फोन चालवतो आहे.

मग एकदा लाइट सकाळपासून गेली, ती संध्याकाळी आली. फोन बंद पडला. आईचा चेहरा बघवत नव्हता. लाइट आल्यावर मी तो सुरू केला, तर पडद्यावर आधी इंग्रजीत एक सूचना आली. या फोनच्या कुलपाशी छेडछाड झालेली आहे, आतल्या सॉफ्टवेअरवर विश्वास ठेवता येणार नाही, अशा अर्थाची. मी ती दोनदा वाचली. छापलेल्या शब्दावर माझा पहिल्यापासून जास्त विश्वास. त्यानंतर कॉल आले त्यात नावं दिसेनात. आधी पडद्यावर गावाचं, माणसाचं नाव यायचं, आता नुसते आकडे. मी म्हटलं, झालं. नावं पुसायला सुरुवात झाली.

दुसऱ्याच दिवशी दोस्त आला. ओसरीच्या कडेला टेकला आणि म्हणाला, "ताई, फोन दोन दिवस माझ्यापाशी द्या."

"काहून?"

"चांगला न्हाई राहिला त्यो. अन् लोकांचे नंबर बी हायेत त्याच्यात. हळद खोळंबली लोकांची."

दोन कारणं सांगणाऱ्या माणसाचं तिसरंच कारण असतं, असं मला वाटलं. मी विचारलं, नंबर तुमच्याकडे नाहीत का. तो म्हणाला, बोलणी तुमचा भाऊच करायचा, मी जाळ बघायचो. मी फोन दिला नाही. तेरावा होऊ द्या, म्हणून वाटेला लावलं.

तो गेल्यावर आमचे चुलते म्हणाले, "बरं केलंस. तांड्यावरचं पोरगं त्ये. आता गिऱ्हाईक सगळं त्याचंच व्हईल." त्यांचं बोलणं मला आवडलं नाही. पण माझा संशय आणि त्यांचं बोलणं एकाच ठिकाणी येऊन पोचलं होतं, हे त्याहून आवडलं नाही. माझ्यापाशी कारणं होती, असं मी स्वतःला सांगितलं. फोन उशिरा आला. तो आपोआप उजळतो. नावं गेली. आणि दोस्ताला तो हवा आहे.

तेराव्याच्या आधीच फोनची पाठ फुगली. आधी वाटलं नजरेचा भास. मग पाटावर तो एका अंगाला डुलायला लागला. आईने त्याच्याखाली घडी केलेलं फडकं ठेवलं, आजारी माणसाला उशी द्यावी तसं. मी हिंगोलीच्या त्या दुकानदाराला फोनवरच विचारलं. तो म्हणाला, बॅटरी गेली, कधीही पेट घेईल, आणि फोनच जळाला तर मग आतलं देवालाही काढता येणार नाही.

म्हणजे फोन चालू ठेवला तर आवाज जळणार होता आणि दुकानात दिला तर पुसला जाणार होता. उरला तो दोस्त. आईने दोन्ही गोष्टी ऐकल्या आणि म्हणाली, "बोलाव त्याला."

मी निरोप पाठवला, पण अट घातली. जे करायचं ते आमच्या अंगणात, माझ्यासमोर, आणि काय करतो ते बोलून दाखवायचं. मला वाटलं तो रागावेल. तो आला, हातपाय धुतले आणि लिंबाखाली बाजेवर बसला. कॉल उतरवून घ्यायला मी नवं मेमरी कार्ड आणलं होतं. ते त्याने खिशात न घालता बाजेवर, माझ्या बाजूला ठेवलं.

पहिल्यांदा त्याने चार्जर काढला. आई उठून उभी राहिली. मग त्याने पॅटर्न काढला. बोट न अडखळता, आपल्या घराची कडी काढावी तसं.

"तुम्हाला कसा ठाऊक?"

"कुकरवर त्याचे हात कायम हळदीत. फोन वाजला की मीच उघडून त्याच्या कानाला लावायचो."

फोन उघडला आणि नावं परत आली. सगळी. मी विचारलं, मधे कुठे गेली होती. तो म्हणाला, फोन बंद पडून सुरू झाला की पॅटर्न काढेपर्यंत आतलं सगळं कुलपात असतं, नावंसुद्धा. आणि आपोआप उजळतो ते? त्याने माझ्याकडे पाहिलं. "लाइट गेली अन् आली की उजळतो, ताई. चार्जर लागला म्हून सांगतो. तुमचा उजळत न्हाई?"

माझाही उजळतो. दुपारी घरात दिवे लागलेले नसतात, म्हणून लाइट गेल्याचं-आल्याचं कुणाला कळत नव्हतं, इतकंच.

मी म्हणाले, आता कॉल उतरवा. तो म्हणाला, आधी नाही. भावाने मुकादमाला सांगून ठेवलं होतं, की गडी कधीच बसवायचे नाहीत, काम असो नसो पळतेच ठेवायचे. त्याला फोन कसा सुसाट लागायचा. एरवी फोन दिवसभर त्याच्या खिशात, कामात असायचा. इथे मात्र चोवीस तास चार्जरवर दिव्याशेजारी पडून तो पळत राहिला. या तापात कॉपी लावली तर मधेच बंद पडेल आणि पुन्हा उठेल याची खात्री नाही. आधी वेग खाली आणतो.

मला ते पुरतं कळलं नाही, आणि न कळलेलं मी मान्य केलं नाही. मी त्याच्या खांद्याशी उभी राहून बोटं बघत होते. तो सांगत होता, हा वरचा वेग, हा खाली आणला. ही सवय, ही कंपनीसारखी केली. मधे ऊन पडद्यावर आलं. त्याला दिसेना, म्हणून तो बाजेवर उलटा फिरला, झाडाकडे तोंड करून. तेवढा वेळ मला त्याची पाठ दिसत होती, पडदा नव्हता. मी पलीकडे जाऊन उभी राहीपर्यंत तो म्हणाला, झालं, आता गार होऊ द्या.

आम्ही थांबलो. आईने चहा ठेवला. तो पिऊन झाल्यावर आईने फोन हातात घेतला, नेहमीसारखा दोन तळव्यांत, आणि लगेच खाली ठेवला.

"गार पडला की रे हा."

"व्हय मावशी. आता टिकल."

ती आत गेली. दिव्यात तेल होतं तरी तिने पुन्हा घातलं. आम्ही दोघं बाजेवर बसून राहिलो. तेवढ्यापुरता मला त्याच्याविषयी काहीच वाटलं नाही, ना वाईट, ना बरं.

मग कॉपी लागली. पडद्यावरची पट्टी हळूहळू भरत गेली, मधे थांबली, पुन्हा चालली. संपल्यावर त्याने कार्ड माझ्या फोनात घातलं आणि आईला हाक मारली. मी कुठलाही एक कॉल लावला. भावाचा आवाज आला, मागे कुकरच्या वाफेचा सूं सूं.

"आई, दूध उतू चाललंय बघ."

"तुला रं काय ठावं?"

"तू फोन घेतला की चुलीकडं पाठ करून बसतीस. पळ."

आणि मग भांडं आपटल्याचा आवाज, आईची शिवी, आणि त्याचं हसणं. आई खरोखर हसली. त्या दिवसांत पहिल्यांदा. म्हणाली, उतूच गेलं होतं मेलं, निम्मं गेलं होतं.

ती ऐकत बसली तशी मी कार्डावरच्या कॉलची यादी खालपर्यंत बघत गेले. आईचे कॉल होते. माझे होते, भांडणासकट. चुलत्यांचे, शेतकऱ्यांचे, ट्रॅक्टरवाल्याचे होते. दोस्ताचा एकही नव्हता. रोज सोबत काम करणारी माणसं, आणि एकही कॉल नाही.

तो निघायच्या तयारीत होता. मी फाटकापर्यंत त्याच्यामागे गेले आणि विचारलं.

"तुमचे कॉल कुठे गेले?"

"काढले मी." त्याने लपवायचा प्रयत्नही केला नाही.

"काहून?"

"तुमी ऐकले असते म्हून."

मी ऐकलेच असते. सगळ्यात आधी तेच ऐकले असते. कदाचित त्यांत दोन मित्रांचं मोकळं बोलणं असेल, कुणा मुलीचं नाव असेल, दवाखान्याची काही गोष्ट असेल, आमच्या घराबद्दलचं काही असेल. मी त्याचा चेहरा वाचायला बघितलं. त्यात दुःख होतं एवढं नक्की. पण दुःख असलं म्हणजे दुसरं काही नसतंच, असं कुठे आहे.

तो म्हणाला, शेतकऱ्यांचे नंबर तुमी जमल तसे पाठवा, आणि कालव्याच्या वाटेने गेला.

मी अंगणात परत आले. पॅटर्न मी त्याच्या बोटांवरून पाठ केला होता. भावाचा फोन उघडला. पुसलेल्या गोष्टी काही दिवस ज्या कप्प्यात पडून राहतात तो शोधून काढला, आणि आत बघितलं. रिकामा होता. त्याने तोही झाडून ठेवला होता. ओसरीवरून आई हाक मारत होती, तिचा कॉल संपला होता आणि पुढचा कसा लावायचा ते तिला कळत नव्हतं. मी तो कप्पा बंद करून तिच्याकडे गेले.